लुब्लिनची सलग तिसरी लीग : पोलंडच्या स्पीडवेचा २०२४ चा हंगाम

ओद्राकाठ
७ नोव्हेंबर २०२४

अंतिम फेरीत मोटर लुब्लिनने स्पार्ता व्रोत्सवाफला हरवलं आणि पोलंडची स्पीडवे लीग, म्हणजे एकस्ट्रालिगा, सलग तिसऱ्यांदा जिंकली. मी व्रोत्सवाफला राहतो आणि स्पार्ताचा स्कार्फ गळ्यात घालून ऑलिंपिक स्टेडियमवर जातो, त्यामुळे हा निकाल मनाला लागलाय. गेल्या वर्षीही अंतिम फेरीत हेच दोन संघ होते आणि निकालही हाच होता. इथे लोक एका वाक्यात विषय संपवतात, ‘त्यांच्याकडे जगज्जेता झ्मार्झलिक आहे.’ मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी खेळ थोडक्यात. लंबगोल मातीचा ट्रॅक. ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी मोटरसायकल. एकच गिअर. ब्रेक नाहीत, नियमानेच नाहीत. एका शर्यतीत चार जण, प्रत्येक संघाचे दोन. घरच्या संघाला लाल आणि निळं हेल्मेट, पाहुण्यांना पांढरं आणि पिवळं. फीत वर जाते, चार फेऱ्या होतात, मिनिटभरात खेळ संपतो. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला काही नाही. अशा १५ शर्यतींचा एक सामना. एकूण ९० गुण वाटले जातात, म्हणजे ४६ झाले की जिंकलात.

आता बार्तोश झ्मार्झलिकचं गणित मांडू. यंदा तो पाचव्यांदा जगज्जेता झाला. सामन्यात त्याच्या वाट्याला साधारणपणे पाच शर्यती येतात. पाचही जिंकल्या तर १५ गुण. उरलेले ३१ कोण आणणार?

लुब्लिनचं उत्तर या प्रश्नात आहे. संघात पाच मोठे रायडर असतात आणि दोन २१ वर्षांखालचे ज्युनियर. पाचांपैकी एक जागा २४ वर्षांखालच्यासाठी राखीव. सामन्याची दुसरी शर्यत फक्त ज्युनियरांची. तिथे तुमच्या दोन पोरांनी पहिला-दुसरा नंबर काढला की ५-१. झ्मार्झलिकने जोडीदाराला दुसरं आणून काढलेल्या ५-१ ची किंमतही तेवढीच. पण त्याच्यासमोर बहुतेक वेळा तोलामोलाचा कुणीतरी उभा असतो, ज्युनियरांच्या शर्यतीत मात्र फरक प्रचंड पडू शकतो. लुब्लिनने हे बरोबर हेरलं. माटेउश चेर्न्याक २०२२ आणि २०२३ मध्ये ज्युनियर जगज्जेता होता, लुब्लिनकडूनच. वय उलटल्यावर यंदा त्यांनी त्याला सोडला नाही, २४ च्या आतल्या जागेवर सरकवला. त्याच्या रिकाम्या जागी बिदगोश्चहून विक्तोर प्शियेम्स्कीला आणलं आणि यंदाचा ज्युनियर जगज्जेता तोच. वर कुबेरा, लिंडग्रेन, जॅक होल्डर. यातल्या एखाद्याचा दिवस खराब गेला तरी बाकीचे सावरून घेतात.

आमच्याकडे कागदावर काय कमी होतं? तीन वेळचा जगज्जेता टाय वॉफिंडन, २०२१ चा जगज्जेता आर्तेम लागुता, शिवाय यानोव्स्की आणि डॅन ब्यूली. नावांची बेरीज केली तर आम्हीच वरचढ.

यंदाची दुसरी मोठी गोष्ट लेश्नोची. उनिया लेश्नो म्हणजे १८ विजेतेपदं, पोलंडमध्ये सगळ्यात जास्त. २०१७ ते २०२० सलग चार. तो संघ यंदा आठवा आला आणि खालच्या श्रेणीत गेला. वस्ती जेमतेम साठ हजारांची, आणि त्या गावाची ओळखच हा संघ आहे. दुखापतींनी घात केला हे खरं, यानुश कोवोद्झेयशिवाय त्यांना बरेच सामने काढावे लागले. पण मूळ कारण मला आधीच्या वर्षांत दिसतं. त्या चार विजेतेपदांच्या काळात त्यांचे ज्युनियर कोण होते? बार्तोश स्मेक्ताला, जो २०१८ चा ज्युनियर जगज्जेता, आणि दोमिनिक कुबेरा. हो, तोच कुबेरा जो आता लुब्लिनला गुण मिळवून देतो. ती जोडी मोठी झाली, गेली, आणि तिच्या तोडीची पुढची जोडी उभी राहिली नाही.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

दर्यावर्दी
७ नोव्हेंबर २०२४

छान लिहिलंय. पण एक शंका. चार माणसं एकाच दिशेने गोल फिरणार, ब्रेक नाहीत, मिनिटभरात संपणार. जो सुरुवातीला पुढे निघाला तोच जिंकणार ना? मग पुढच्या तीन फेऱ्या बघायच्या कशाला?

ओद्राकाठ
७ नोव्हेंबर २०२४

@दर्यावर्दी, शंका रास्त आहे. ट्रॅक वाईट बनवला असेल तर अगदी असंच होतं आणि असे सामने मीही कंटाळून बघितलेत.

सगळा खेळ मातीत आहे. वळणावर मागचं चाक घसरवत न्यायचं असतं. वळण डावीकडे, पुढचं चाक उजवीकडे, डावा पाय जमिनीवर. त्या पायाच्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो. मागचं चाक माती उकरून बाहेरच्या बाजूला फेकतं. चार-सहा शर्यतींत आतली वाट घासून गुळगुळीत होते आणि कुंपणाजवळ मातीची रास जमते. त्या राशीत चाकाला पकड मिळते. आता आतून जाणाऱ्याचं अंतर कमी, पण चाक नुसतंच फिरतं. बाहेरून जाणारा लांबून येतो, पण वळणातून बाहेर पडताना त्याच्याकडे वेग जास्त असतो. झ्मार्झलिकला बघायचं ते यासाठीच. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर अडकला की तो कुंपणाला खांदा लागेल इतका बाहेर जातो आणि सरळ पट्ट्यावर दोघांना मागे टाकतो.

मधे ट्रॅक्टर येऊन ती माती पुन्हा आत ओढतो, टँकर पाणी मारतो. मग गणित परत बदलतं. कधी किती पाणी मारायचं यावर दोन्ही संघांचे मॅनेजर पंचांशी हुज्जत घालतात, आणि त्यात काही नाटकी नसतं. तेवढ्या पाण्याने खरोखर सामना फिरतो.

येझदीवाला
८ नोव्हेंबर २०२४

वा! या धाग्यावर आमच्या पिढीने बोललंच पाहिजे. स्पीडवेच्या गाड्यांत जावाचं नाव कित्येक वर्षं गाजत होतं. चेकोस्लोव्हाकियात दिविशोव गावी ‘एसो’ नावाचा कारखाना होता, फक्त शर्यतीच्या गाड्यांचा. तो १९६४ मध्ये जावात सामावला गेला आणि पुढे त्याच गाड्या जावा या नावाने जगभर धावल्या. आणि आपल्याकडे त्याच दशकात म्हैसूरला आयडियल जावाच्या गाड्या बनत होत्या, त्याच पुढे येझदी झाल्या. माझ्या दारात उभी आहे ती त्याच घराण्यातली. नाशिकला आम्ही डर्ट ट्रॅक बघायला जायचो, त्यात जावावाले हटकून असायचे.

@ओद्राकाठ, आता कुठलं इंजिन चालतं? आणि तो एरंडेल तेलाचा वास अजून येतो का हो?

ओद्राकाठ
८ नोव्हेंबर २०२४

येझदीवाला काका, नमस्कार. आता बहुतेकांकडे इटलीचं जीएम इंजिन असतं, जावाचा जोर ओसरलाय. वास मात्र तोच! मिथेनॉलला फारसा वास नाही, जो येतो तो एरंडेल मिसळलेल्या इंजिन ऑइलचा. पहिली शर्यत संपली की पूर्ण स्टँडवर पसरतो आणि घरी गेल्यावर जॅकेटलाही येतो.

काका, तुम्हाला आवडेल असं एक सांगतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसतात. हातात सामन्याची छापील पत्रिका, खिशाला बॉलपेन. त्या पत्रिकेत पंधराही शर्यतींच्या रिकाम्या चौकटी असतात. शर्यत संपली की मोठ्या पडद्याकडे न बघता ते आधी स्वतः गुण मांडतात, बाजूला चालू बेरीज, आणि दुसरा आलेला रायडर आपल्याच जोडीदाराच्या मागे असेल तर २ च्या शेजारी एक छोटी खूण. तो बोनस. संघाच्या बेरजेत तो धरत नाहीत, रायडरला त्याचे पैसे मिळतात. कारण मागे राहून जोडीदाराची पाठ सांभाळणं हेही काम आहे. कुणी आपल्याच माणसाला ओलांडायला गेला तर आजोबा पेन खाली ठेवून जोरात ओरडतात. आजूबाजूचे निम्मे लोक असेच लिहीत बसलेले असतात, शाळकरी पोरींपासून सगळे.

करवीरकर
९ नोव्हेंबर २०२४

धागा एका दमात वाचला. साठ हजारांचं गाव आणि त्याचा जीव एका संघात, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठांमध्ये जे होतं तेच हे. बाहेरच्याला वाटतं एवढं काय, आणि इथे घराघरांत जेवणं थांबलेली असतात.

पोलंडचं नाव निघालं म्हणून अवांतर. आमच्याकडे वळिवड्याला १९४३ पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका आणि मुलं. महायुद्ध संपल्यावर १९४८ पर्यंत छावणी चालली. आमच्या आजीला त्यांच्या बायका बाजारात आलेल्या आठवायच्या. यंदा ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या स्मारकाला गेले, तेव्हा गावात चर्चा झाली होती.

आता मुद्द्याचा प्रश्न. कोल्हापुरासारखी टोकाची खुन्नस तिथे कुणाकुणात आहे?

ओद्राकाठ
९ नोव्हेंबर २०२४

करवीरकर, खुन्नस म्हणाल तर गोझुव आणि झिएलोना गुरा. दोन्ही शहरं एकाच प्रांतात, आणि त्या प्रांताला राजधान्याच दोन आहेत. सरकारने नेमलेला प्रमुख गोझुवला बसतो, निवडून आलेलं प्रांतिक सभागृह झिएलोना गुऱ्याला. म्हणजे भांडण ट्रॅकपुरतं नाहीच. गुऱ्याचा फालुबाझ संघ २०२३ मध्ये खालची श्रेणी जिंकून यंदा परत वर आला, त्यामुळे हा सामना एकस्ट्रालिगात पुन्हा बघायला मिळाला. फालुबाझचं चिन्ह मिकी माऊस आहे. चाळिशीतले दणकट बाप्ये मिकीचा झेंडा घेऊन घसा फोडतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही.

गोझुवच्या लोकांची आणखी एक जखम आहे. झ्मार्झलिक त्यांचा. जवळच्या किनित्से गावचा पोरगा, त्यांच्याच ट्रॅकवर घडला, त्यांच्याकडून दोन वेळा लीग जिंकला. २०२२ ची अंतिम फेरी गोझुव विरुद्ध लुब्लिन होती. तो गोझुवकडून उतरला, हरला, आणि पुढच्या हंगामात लुब्लिनच्या पिटमध्ये होता.

यातही माझा मूळ मुद्दा बघा. २०२२ ची लीग लुब्लिनने झ्मार्झलिकला हरवून जिंकली. त्यांच्या शहराचं ते पहिलंच विजेतेपद. नव्वदच्या दशकात हान्स निल्सनसारखा जगज्जेता त्यांच्याकडे होता, तरी तेव्हा लीग हाती लागली नव्हती. पुढे संघ दोन दशकांहून जास्त काळ वरच्या श्रेणीबाहेर राहिला आणि २०१९ ला परतला. चार हंगामांत विजेता. झ्मार्झलिक आला तो विजेत्या संघात आला.

सई_पुणे
१० नोव्हेंबर २०२४

धागा आवडला, पण मला एक विचारायचंय आणि स्पष्ट उत्तर हवंय. माझा धाकटा भाऊ डर्ट ट्रॅकवर गाडी चालवतो. पुण्यात सराव असला की आई फोन हातात धरून बसते. ब्रेक नसलेली गाडी आणि सतरा-अठरा वर्षांची मुलं, हे वाचून पोटात गोळा आला. तुम्ही सगळे उत्साहाने गुण मोजताय. माणसं किती मोडतात ते पण सांगा.

ओद्राकाठ
१० नोव्हेंबर २०२४

सईताई, स्पष्टच सांगतो.

माझ्याच शहरात, याच स्टेडियमवर, मे २०१२ मध्ये ली रिचर्डसन हा इंग्लिश रायडर लीग सामन्यात कुंपणावर आदळून गेला. मे २०१६ मध्ये रिबनिकला अपघात होऊन क्रिस्तियन रेंपावा गेला, अठरा वर्षांचा होता. ऑगस्ट २०१५ मध्ये झिएलोना गुऱ्याला ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड पडला, आणि तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. त्याची गाडी चालवण्याची पद्धत ज्यांनी बघितलीय ते अजून हळहळतात. २०१० चा जगज्जेता तोमाश गोलोब २०१७ मध्ये मोटोक्रॉसच्या सरावात पडला आणि त्याचीही हालचाल गेली. कॉलरबोन, मनगट, घोटा या तर इथल्या बातम्यांत रोजच्या गोष्टी.

वळणांवर हवा भरलेली कुंपणं आली, त्याने पुष्कळ फरक पडला. ब्रेक नसणं हे ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यामागे सुरक्षेचाच विचार आहे. चार जण हातभर अंतरावर घसरत असताना पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे तिघे त्याच्यावर जातील. तरी धोका उरतोच. शर्यत बघताना कुणी पडलं की अख्खं स्टेडियम गप्प होतं. विरुद्ध संघाचा माणूस उठून हात हलवतो तेव्हा आमचे लोकही टाळ्या वाजवतात, मग गाणी परत सुरू होतात.

तुमच्या आईंना मी काय सांगणार. भावाला मानेचा पट्टा आणि पाठीचं कवच घातल्याशिवाय सरावाला सोडू नका, एवढं मात्र हट्टाने करा.

सई_पुणे
१० नोव्हेंबर २०२४

आभार. गुळमुळीत उत्तर दिलं नाहीत ते बरं केलंत. पट्ट्याचं आजच बघते.

मंदार_लेस्टर
१२ नोव्हेंबर २०२४

इंग्लंडमधून हजेरी. आमचा लेस्टर लायन्स यंदा इथल्या प्रीमियरशिपच्या अंतिम फेरीत गेला आणि मँचेस्टरच्या बेल व्ह्यूकडून हरला. त्यांच्याकडे ब्रेडी कर्ट्झ आणि तुमच्याकडेही खेळणारा डॅन ब्यूली दोघंही होते.

ओद्राकाठ, तुमच्याकडचं वैभव वाचून हेवा वाटतो. आमच्याकडे ट्रॅकच राहत नाहीयेत. पीटरबरो २०२१ चा विजेता संघ, २०२३ अखेरीस त्यांचं मैदान गेलं. त्याच वर्षी वुल्व्हरहॅम्प्टनचाही ट्रॅक बंद झाला. जागा भाड्याची, मालकाला दुसरं काही करायचं असतं, आणि प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचे. लीग जिंकल्यावर दोन वर्षांत संघालाच घर नाही, ही वेळ कुठल्याच गावावर येऊ नये.

दर्यावर्दी
१२ नोव्हेंबर २०२४

मी परत आलो. यूट्यूबवर दोन सामने बघितले, मातीचा मुद्दा मान्य. चौथ्या फेरीत बाहेरून आलेला माणूस बघून मी खुर्चीतून उठलो.

पण बाद फेरीचा नियम डोक्यात शिरला नाही. आठ संघांपैकी सहा बाद फेरीत, आणि हरलेल्यांपैकी एक परत आत?

ओद्राकाठ
१२ नोव्हेंबर २०२४

बरोबर वाचलंत. आठ संघ, प्रत्येकाशी घरी आणि बाहेर असे १४ सामने. जिंकलात तर २ गुण, आणि दोन्ही सामन्यांची बेरीज ज्याची जास्त त्याला वर १ गुण. हा भाग मला फार आवडतो. बाहेर ४० विरुद्ध ५० ने हरताना शेवटच्या शर्यतीत मिळवलेला एक गुणही दोन महिन्यांनी उपयोगी पडतो, त्यामुळे कुणी हात टेकत नाही.

पण पुढे पहिले सहा उपउपांत्य फेरीत, तिथून तीन विजेते आणि हरलेल्यांतला सगळ्यात चांगला असे चार पुढे. मला हे मुळीच मान्य नाही. हरलेला तो हरलेला. चार महिने घाम गाळून वरचं स्थान मिळवायचं आणि त्याचा फायदा एवढाच की हरूनही वाचाल?

मंदार, ट्रॅकचं वाचून वाईट वाटलं. इथे बरीच स्टेडियमं शहराच्या मालकीची आहेत, तोच मोठा फरक.

करवीरकर
१९ ऑक्टोबर २०२५

धागा वर काढतोय. यंदा तोरून जिंकलं म्हणे! धागाकर्ते, कुठे आहात? लुब्लिनची चौथी हुकली कशी? आणि माझी लेक शिकायला व्रोत्सवाफला आलीय, तिला एक तरी सामना दाखवायचाय.

ओद्राकाठ
२० ऑक्टोबर २०२५

आहे, आहे! हो, तोरूनने अंतिम फेरीत लुब्लिनला हरवलं. २००८ नंतर पहिल्यांदा, एकूण पाचवं विजेतेपद. साय्फुत्दिनोव, दुदेक, लॅम्बर्ट, मिकेल्सन, चौघेही सामन्यागणिक गुण आणणारे. यातला मिकेल मिकेल्सन लुब्लिनच्या २०२२ च्या पहिल्या विजेत्या संघात होता. ती मालिका सुरू झाली तेव्हा तो त्यांच्या पिटमध्ये, आणि तुटली तेव्हा समोरच्या.

झ्मार्झलिक यंदा सहाव्यांदा जगज्जेता झाला. सहा विजेतेपदं याआधी फक्त आयव्हन मॉगर आणि टोनी रिकर्डसन यांची. यंदा आमच्याकडे आलेल्या ब्रेडी कर्ट्झने सलग पाच ग्रां प्री (जागतिक स्पर्धेच्या फेऱ्या) जिंकल्या आणि तरी तो एका गुणाने मागे राहिला. म्हणजे बघा, जगातला सर्वोत्तम माणूस लुब्लिनकडे, दुसरा आमच्याकडे, आणि लीग तोरूनची. मागच्या वर्षीचं ३१ गुणांचं गणित यंदाही चुकलं नाही.

बाद फेरीचा तो विचित्र नियम यंदापासून गेला, आता पहिले चार थेट उपांत्य फेरीत. दर्यावर्दी, वाचताय ना?

लेश्नो एका वर्षात खालची श्रेणी जिंकून परत येतंय. साठ हजारांच्या गावात काय झालं असेल याची करवीरकर, तुम्हाला कल्पना येईल.

वाईट बातमी तुम्ही वाचली असेलच. टाय वॉफिंडन आमचा संघ सोडून झेशुवकडे गेला होता. मार्चअखेर, हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या मैत्रीपूर्ण सामन्यात क्रोस्नोला भयंकर पडला. हाडं किती ठिकाणी मोडली ते वाचवत नव्हतं. कृत्रिम कोमात ठेवलं होतं. बारा-तेरा वर्षं आमच्या स्टँडने ज्याचं नाव घेतलं तो माणूस. त्या आठवड्यात इथे दुसरं काही बोललं जात नव्हतं.

येझदीवाला
२० ऑक्टोबर २०२५

वॉफिंडनचं वाचलं होतं रे. माणूस चालता-बोलता घरी आला यातच सगळं आलं. बाकी अंतिम फेरीचं वर्णन अगदी थोडक्यात आटोपलंस, सवडीने नीट लिही.

ओद्राकाठ
२१ ऑक्टोबर २०२५

लिहितो काका, या शनिवारी-रविवारी बसतो.

करवीरकर, लेकीला जरूर माझा निरोप द्या. हंगाम एप्रिलमध्ये सुरू होईल, सामने शुक्रवारी आणि रविवारी असतात. लेश्नो आमच्याकडे खेळायला येईल तो सामना निवडा, ट्रेनने येणाऱ्या त्यांच्या लोकांमुळे स्टेडियम दणाणून जातं. तिकीट सरळ पट्ट्यासमोरचं घेऊ नका. पहिल्या वळणावरून बाहेर पडतात तिथलं, वरच्या रांगांतलं घ्या. खालच्या रांगांत माती तोंडावर येते. पत्रिका दारातच मिळेल, पेन घरून न्यायला सांगा. पहिल्या चार शर्यती तिने गुण लिहून काढले की पुढचं तिला कुणी समजवायला नको.